अस्सल गंज

आमच्या सोसायटीतले फियाटवाले काका बँकेतून निवृत्त झाले असं काकू सांगतात. काकांच्या मते ते फक्त बदली होऊन गाडीखाली रुजू झाले आहेत.

गाडी १९६६ची. फियाट अकराशे डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली, १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. एवढी माहिती न विचारता मिळते. विचारलीत तर तुमची संध्याकाळ गेली. एखाद्या पोरानं ‘डुक्कर फियाट’ म्हटलं तर काका ताडकन गाडीखालून बाहेर येतात (जेवायला हाका मारल्या तर येत नाहीत) आणि डुक्कर म्हणजे तिच्या आधीची, पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची गाडी, हे त्याला पटेपर्यंत सोडत नाहीत.

तर या गाडीला मध्येच दम लागायचा. कात्रजच्या चढावर ती थांबायची, दहा मिनिटं नुसती उभी राहायची आणि आपली आपण सुरू व्हायची. काका म्हणायचे, वय झालं तिचं. खरी गोष्ट अशी, की पेट्रोलच्या टाकीतल्या गंजाचे पापुद्रे नळीच्या तोंडाशी ओढले जायचे आणि पेट्रोल अडायचं. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची, पापुद्रे खाली बसायचे आणि रस्ता मोकळा व्हायचा. शिवाय टाकी पाझरायचीही. त्यासाठी काकूंच्या पर्समध्ये घराच्या किल्लीशेजारी कपड्यांच्या साबणाचा तुकडा असे. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. भोकावर घासला की घरापर्यंत निभावतं. लग्नाच्या हॉलमध्ये रुमालाऐवजी साबण काढणाऱ्या त्या पुण्यातल्या एकमेव काकू असाव्यात.

टाकी गंजली कशी, यावर काकांचे दोन सिद्धांत आहेत. पहिला शास्त्रीय. उभ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी असली, की पावसाळी हवेतलं बाष्प आतल्या पत्र्यावर थंड होऊन पाणी बनतं आणि ते पेट्रोलखाली तळाशी जाऊन बसतं. दुसरा सिद्धांत कौटुंबिक. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि इथेनॉल येतं उसापासून. काकूंचं माहेर सांगलीकडचं, ऊसवाल्यांचं. मग कोण दोषी, हे काका बोलत नाहीत. नुसते काकूंकडे बघतात.

मिस्त्रींनी सरळ सांगितलं, ‘‘पत्र्याची नवी बनवून घ्या, काका.’’

‘‘नवी? अहो, ओरिजिनल आहे ती!’’

आता, या गाडीत कार्बोरेटर तिच्या वारसदार पद्मिनीचा, हॉर्न जुन्या बाजारातला, वायरिंग नवं, सीट काकूंच्या जुन्या सोफ्याच्या कापडाची. मूळचं असं काय उरलं असेल तर नंबरप्लेट आणि गंज. पण काकांकडे २०२१च्या केंद्रीय नियमाची छापील प्रत आहे. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, मात्र गाडी मूळ रूपात हवी. नियमात सांगाडा, बॉडी, इंजिन यांचे उल्लेख आहेत. टाकीचा काकांनी ओळींच्या मधून वाचून काढला. रोजच्या वापरासाठी अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही, हीही एक अट आहे. ती काका नियम निघायच्या कितीतरी आधीपासून पाळत आले आहेत.

मग टाकी धुण्याचं पर्व सुरू झालं. टाकी उतरवली. तिच्यात मूठभर नट-बोल्ट, एक सायकलची चेन आणि काकूंनी चायनीजसाठी आणलेलं सगळं व्हिनेगर ओतून सोसायटीतल्या पोरांना ती आळीपाळीनं हलवायला लावली. दुपारच्या झोपा उडाल्या. चेअरमन तक्रार करायला खाली आले, तर त्यांच्याही हातात टाकीचं एक टोक आलं. अखेर टाकी आतून लख्ख झाली आणि इतकी वर्षं तिला गंजानंच धरून ठेवलं होतं हे उघडकीस आलं. आत टॉर्च सोडला तर पार्किंगच्या भिंतीवर तारांगण!

डाग द्यायला नेली तर रेडिएटरवाला दोन पावलं मागे सरला. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते आणि ज्योत लागली की भडका. ‘‘आधी पाण्यानं भरून ठेवा, मग बोलू,’’ तो म्हणाला. काका टाकी घेऊन परत आले, पण आनंदात. कारण ही माहिती आता संपूर्ण सोसायटीला देता येणार होती.

मग आयती टाकी शोधणं आलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिन्या रस्त्यावरून गेल्या. त्या दिवशी काकांनी गोड खाल्लं नव्हतं. संध्याकाळी मात्र त्यांनी हळूच विचारलं होतं, ‘‘त्यांच्या टाक्या कुठे जात असतील हो?’’ त्याचा पाठपुरावा म्हणून ते आता मुंबईला भंगारवाल्यांकडे चकरा मारू लागले. येताना दर वेळी काहीतरी आणत. टाकी सोडून.

असाच एकदा त्यांचा मुंबईत मुक्काम पडला आणि काकूंनी जुनी टाकी रिक्षात घालून मिस्त्रींकडे नमुना म्हणून पोचती केली. काका परतले तेव्हा नवी टाकी गाडीत बसलेली होती. गाडी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली. एकदाही थांबली नाही, एक थेंब गळला नाही. सोसायटीनं पेढे मागितले. काकांनी दिले, पण चेहरा असा की जणू पार्किंगची जागाच कुणी काढून घेतली आहे. दोन दिवस ते वर घरातच होते. काकूंची कामं खोळंबली.

तिसऱ्या दिवशी ते जिना उतरले ते जवळजवळ धावतच. ‘‘काटा बघा! टाकी अर्धी, आणि काटा फुल्ल दाखवतोय! फ्लोट अडकतोय आतला. ओरिजिनल फ्लोटच लागणार याला.’’ आणि मग वर गॅलरीकडे बघून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘‘ऐकलंस का? या वेळी परस्पर मिस्त्रींकडे जायचं नाही!’’