ओहमकाका

प्रत्येक शहरातल्या रॉकवाल्या मंडळींत एक ओहमकाका असतातच. वीज मंडळातून नाहीतर बँकेतून निवृत्त, खिशाला टेस्टर आणि पिशवीत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मल्टिमीटर. गिटार वाजवता येत नाही आणि त्याची खंतही नाही. लोक कार्यक्रमाला येऊन कलाकाराचं तोंड बघतात, काका ॲम्पची पाठ.

"स्पीकर जोडलाय का?" हा त्यांचा नमस्कार, आणि "किती ओहमचा?" ही ख्यालीखुशाली.

एखादं पोरगं सांगून जातं, "काका, घरी मी स्पीकर काढूनच वाजवतो. शेजारी ओरडतात." काका मटकन खुर्चीत बसतात. "अरे, ट्रान्झिस्टरचा ॲम्प असता तर बापडा गप्प बसला असता. त्याला भीती ओहम फार कमी होण्याची. हा व्हॉल्व्हवाला! स्पीकर नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज उसळतं, हजाराच्या वर जातं, इन्सुलेशन फुटतं, ठिणगी उडते. फेंडरच्या कितीतरी ॲम्पना स्पीकरचा प्लग उपटला की आउटपुट आपोआप शॉर्ट होतं, ते काय हौस म्हणून? शॉर्ट एकवेळ परवडला, उघडं नाही."

"काका, लोड नका घेऊ."

"मी नाही घेत. ॲम्पला द्या!"

दुसरा कॅबिनेट आला की काकांना खरा चेव चढतो. पोरं हिशेब करतात, आठ आणि आठ सोळा, आणि ॲम्पच्या मागची ओहमची चकती १६ वर फिरवतात. काका ती दोन बोटांनी ४ वर आणून ठेवतात. "शाळेत होत असतील सोळा. हे स्पीकरचे दोन्ही जॅक आतून पॅरलल आहेत. इथे आठ नि आठ चार." मग मार्शलच्या १९६० कॅबिनेटचं उदाहरण येतं. आत १६ ओहमचे चार स्पीकर, दोन-दोनच्या सिरीज जोड्या, त्या जोड्या पॅरलल, आणि एकूण पुन्हा १६. कॉमर्सची पोरं इथे हात टेकतात.

एक हुशार पोरगा मीटर लावून ओरडतो, "काका, फसवलं! लिहिलंय ८ आणि दाखवतोय साडेसहा!" काका या क्षणाची वाटच बघत असतात. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो. इम्पीडन्स सुराबरोबर वरखाली होतो, आठ हा नुसता नावाचा आकडा. साडेसहा दिसला की आठचा समजायचा. हे समजावताना ते आवाज खाली आणतात, घरातली भानगड सांगावी तसे.

निघता निघता ते स्पीकरला लावलेली गिटारची केबल उपटून पिशवीतली जाड वायर लावतात. "ती पिकअपच्या नाजूक सिग्नलसाठी. इथे अँपिअर धावतात." पण हे सगळं ॲम्प बंद असताना. चालू ॲम्पच्या वायरीला हात लावणारा काकांच्या लेखी माणसातून उठला.

कार्यक्रम दणक्यात होतो. ट्रान्सफॉर्मर जळत नाही, वास येत नाही, काहीच होत नाही. हे काहीच न होणं काकांनी घडवलेलं असतं, पण टाळ्या गिटारवाल्याला. तो घामाघूम होऊन मागे येतो, "काका, सोलो कसा झाला?"

"चार ओहम," काका म्हणतात. "बरोब्बर."