पोपड्यांचा हंगाम

ऑक्टोबर उजाडला की सातारा-सांगलीत दोन हंगामांची तयारी एकदम सुरू होते. पहिला साखर कारखान्यांचा. त्याची तारीख मंत्री समिती ठरवते, उसाच्या दरावरून रस्ते अडतात, टायर पेटतात आणि आम्हा लिहिणाऱ्यांची चार दिवस सोय होते. दुसरा हंगाम घासकामाचा. त्याची तारीख घरातली बाई ठरवते आणि तिच्या निर्णयाविरुद्ध आजवर एकाही संघटनेने हूं की चूं केलेलं नाही.

घासकाम म्हणजे दिवाळीच्या आत दारं-खिडक्यांचा आणि भिंतींचा जुना ऑईलपेंट पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा, काचपेपर मारून गुळगुळीत करायचा आणि वर नवा चढवायचा. साताऱ्याच्या पेठांतून नाहीतर सांगलीच्या गावभागातून या दिवसांत चक्कर मारा. उंबऱ्यावर रंगाचे पोपडे आणि ओसरीवर पिठासारखा धुरळा. पेंटरने तोंडाला रुमाल बांधलेला असतो. मालकाने टीव्हीला चादर गुंडाळलेली असते. रांगत्या बाळाच्या हातात बिस्किट असतं आणि ते घटकेघटकेला जमिनीवर पडून पुन्हा तोंडात जात असतं. घरात सर्वांत नीट झाकलेली वस्तू टीव्ही.

त्या धुरळ्यात शिसं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना २०१३ पासून दर ऑक्टोबरात शिशाच्या विषबाधेविरुद्ध सप्ताह पाळते. म्हणजे ऐन घासकामाच्या भरात. आपणही तो पाळतो, फक्त उलट्या बाजूने.

रंगात शिसं घालत ते काही दुष्टपणाने नव्हे. लेड क्रोमेटने पिवळा झगझगतो, नारिंगी आणि हिरवा उठून दिसतो, शिशाचे क्षार पडले की रंग लवकर वाळतो आणि एवढं करून डबा स्वस्त पडतो. गिऱ्हाइकाला आणखी काय हवं असतं? शेवटी केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ ला नियम काढले आणि वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ पासून, ते लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको आणि डब्यावर तसं छापलेलं हवं. नियम चांगले आहेत. त्यानंतरही लहान उत्पादकांच्या डब्यांत मर्यादेच्या कितीतरी पट शिसं निघाल्याचं दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने दाखवून दिलं, हा भाग वेगळा. कारखान्यांत वापरायचा औद्योगिक रंग नियमाच्या बाहेरच राहिला, तोही भाग वेगळा.

माझी अडचण साधी आहे. नियम डब्याला आहे, भिंतीला नाही. त्याआधी जे शिसं भिंतीवर चढलं, ते सरकारच्या लेखी वाळलं आणि संपलं.

अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली आणि पुढे असाही कायदा केला की, त्याआधीचं घर विकताना किंवा भाड्याने देताना जुन्या रंगातल्या शिशाबद्दल जे ठाऊक असेल ते समोरच्याला आधी सांगायचं. आपल्याकडे घर विकताना माणूस गळकं छप्पर सांगत नाही, चुलतभावाने लावलेला दावा सांगत नाही; तो दाराच्या तिसऱ्या थराखाली काय आहे ते सांगेल, ही आशा कुणी करू नये. समजा, एखादा भाबडा बाप काडेपेटीत चार पोपडे घालून सरकारी कचेऱ्या हिंडू लागला. आरोग्यवाले म्हणतील, मूल आजारी पडलं की या. प्रदूषणवाले म्हणतील, कारखाना असेल तर बोला. बांधकामवाले म्हणतील, इमारत पडणार आहे का? नाही ना? मग! आणि काडेपेटी प्रत्येक टेबलावर एकेकदा उघडली जाईल.

आता खरी गंमत सांगतो. आपल्या भिंतींचं एक शास्त्र आहे. वर चुना किंवा डिस्टेंपर, खाली कमरेएवढा ऑईलपेंट. शाळा, दवाखाना, तलाठी कार्यालय, घरातलं माजघर, सगळीकडे हाच नकाशा. कारण विचारलं तर उत्तर तयार: ‘पोरांच्या हातांनी भिंत मळते, ऑईलपेंट पुसता येतो.’ म्हणजे ज्या उंचीपर्यंत पोराचा हात, नाक आणि जीभ पोचते, बरोबर तेवढ्याच उंचीपर्यंत आपण मोजून शिशाचा संशय असलेला रंग फासला. त्याच्या वर, जिथे फक्त पाल पोचते, तिथे निरुपद्रवी चुना. पालींची तब्येत आमच्या भागात उत्तम आहे.

शाळांतून तर भिंती बोलक्या केल्या. त्या पाढे बोलतात, बाराखडी बोलतात, नद्या आणि किल्ले सांगतात. आपल्यात काय मिसळलंय ते सोडून सगळं बोलतात.

पूर्वी पोर भिंत चाटायला लागलं की आजी म्हणायची, ‘कॅल्शियम कमी पडलंय त्याला.’ आजीचं काही चुकत नव्हतं. तिच्या काळी भिंतीला चुना असायचा आणि खाली गेरूचा पट्टा; एक कॅल्शियम, दुसरं लोह. पुढे कारखान्याचं बिल वेळेवर येऊ लागलं, चुन्याची लाज वाटू लागली आणि डबा आला. भिंत बदलली, आजीचं वाक्य मात्र तेच राहिलं. आता नातसून तेच म्हणते आणि औषधाच्या दुकानातून गुलाबी बाटली आणते. पोट दुखतं तर जंत, चिडचिड करतो तर दृष्ट, अभ्यासात लक्ष नाही तर मोबाईल. शिशाचं नाव कुणीच घेत नाही, कारण शिसं ताप आणत नाही, पुरळ उठवत नाही. ते गुपचूप मेंदूत जाऊन बसतं. लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं, पोटात लोह कमी असेल तर आणखी जास्त, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. रक्तात इतकं चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असलेली २७ कोटींवर मुलं एकट्या भारतात आहेत. सगळंच काही रंगातून येत नाही. जुन्या बॅटऱ्या, मसाले, भांडी यांचाही वाटा आहे. पण आपण सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेसाठी पाचवीतल्या पोराला पहाटे क्लासला धाडतो, रात्री बदाम भिजवतो, आणि दुपारी त्याच्या बुद्ध्यांकावर काचपेपर मारतो.

मसाल्यांवरून आठवलं. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून कुठे कुठे लेड क्रोमेट फासतात. ही गोष्ट सांगलीच्या मार्केट यार्डात काढून पाहा. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेल्या हळदीचं गाव ते, बाह्या सरसावूनच उभं राहील आणि राहायलाच हवं. अन्नाच्या कायद्यातही हळदीत लेड क्रोमेटचा मागमूस चालत नाही. तोच पदार्थ घरी दाराला फासला, तर आपण पाहुण्यांना विचारतो, ‘पिवळा कसा खुललाय?’

शेंदूरही मूळचा शिशाचाच. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी नऊ सातारा-सांगलीत, तेव्हा शेंदूर काय चीज आहे हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मारुतीराय समर्थ आहेत, त्यांना सोसतं. पण देवाच्या अंगावरचा थर उतरवायची वेळ आली की आपण कसे वागतो पाहा. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरून हजार किलोंच्या वर शेंदूर उतरवला. त्यासाठी तज्ज्ञ आले, विधी झाले, दीड महिना दर्शन बंद राहिलं. पोराच्या खोलीतला थर उतरवताना आपण पोराला दीड तासही बाहेर काढत नाही. ‘बाळा, पलीकडच्या कोपऱ्यात बस’ एवढाच विधी.

पेंटरला दोष देण्यात अर्थ नाही. ‘पाणी मारून घासा’ म्हटलं तर तो म्हणतो, ‘आवो सर, एका दिसाचं काम दोन दीस चालतंय मग. दुसऱ्या दिसाची हजेरी तुमी देताय का?’ मालक तेव्हा शेजारच्या झाडाकडे बघतो. पश्चिम महाराष्ट्रातले बॅटरी कामगार, चांदीचे कारागीर आणि स्प्रे पेंटर यांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं २००७ च्याच सुमारास अभ्यासकांनी मोजून छापलं होतं. तो पेंटर संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी जातो आणि त्याचं पोर पळत येऊन पायाला मिठी मारतं. त्या पोराच्या घराला रंगच नाही, तरी त्याला त्याचा वाटा पोचता होतो.

सांगलीत तर घासकाम कृष्णामाईच फुकट करून देते. २००५, २०१९, २०२१ चे महापूर आठवा. पाणी ओसरलं, भिंती ओल धरून बसल्या आणि पोपडे आपोआप गळू लागले. पंचनाम्यात गादी, धान्य, फ्रिज सगळं लिहिलं गेलं. पोपड्यांचा रकाना पंचनाम्यात नसतो.

आता एवढं वाचलंच आहे तर ऐका. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर त्याला खरवडू नका, वरूनच नवा मारा. सुटत असेल तर पाणी मारून, वॉटर पेपरने, खाली प्लास्टिक अंथरून काम करून घ्या आणि पेंटरला दुसऱ्या दिवसाची हजेरी द्या. पोपडे परसात टाकू नका. जुनी रंगवलेली चौकट बंबात घालू नका. पाणी तापेल, पण धुरातून शिसंही घरभर होईल. धुरळा केरसुणीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. दुकानात डबा घेताना त्यावर ९० पीपीएमचा उल्लेख दाखवायला सांगा. दुकानदार हसला तर दुकान बदला. घरात गरोदर सून असेल तर तिला त्या धुरळ्यात चहा करायला लावू नका. आणि पोरांना दिवाळी झाल्यावर नव्हे, पेंटरने पहिला पत्रा मारायच्या आधी मामाकडे पाठवा. मामाकडेही रंगकाम निघालं असेल, तर त्याला आधी हा अंक पाठवा.