वचननाम्यातली विषमता

निवडणूक आली की पनवेलमध्ये गरिबीला सुगीचे दिवस येतात. 15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान होतं. जागा 78, आणि खारघरच्या टॉवरपासून तळोज्याच्या चाळीपर्यंत गरिबांच्या बाजूचा नाही असा उमेदवार औषधालाही सापडत नव्हता. फ्लेक्सवर पाहावं तर जो तो 'सर्वसामान्यांचा माणूस'. प्रतिज्ञापत्र उघडावं तर या माणसाच्या नावे जमीन, सौभाग्यवतींच्या नावे सोनं, आणि वाहनाच्या रकान्यात 'निरंक'. बिचारा चालत प्रचार करतो. मागून येणाऱ्या आठ गाड्या मित्रमंडळींच्या असतात.

शिवाय त्याग बघा. ड वर्गाच्या महापालिकेत उमेदवाराला 9 लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. निवडून आल्यावर मानधन महिन्याला 10,000, म्हणजे पाच वर्षांत 6 लाख. अधिकृत हिशेबानेच 3 लाखांची खोट सोसून माणूस जनसेवेला उभा राहतो. एवढा निःस्वार्थी माणूस मोठ्या साहेबांच्या पगारांबद्दल काय म्हणतो, ते ऐकावं म्हणून मी कामोठ्यातल्या एका कोपरा सभेला गेलो.

सभा सुरू व्हायची होती. व्यासपीठामागे दोन पोरं वही घेऊन बसली होती. टेम्पोतून दीडशे वडापाव उतरले, वहीत साठ चढले. खर्चाच्या हिशेबात वडापाव कितीला धरायचा याचं दरपत्रक प्रशासनच काढतं. भावाला हात लावता येत नाही, म्हणून मग आकड्याला लावायचा. खुर्च्या भरायला आणलेल्या बायकांची रोजंदारी मात्र दरपत्रकात नव्हती, वहीतही नव्हती. ती एका काकांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती आणि सभा संपल्याशिवाय बाहेर येणार नव्हती.

शेठ आले. आपल्याकडे उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, शेवटी शेठच असतो. हार घालून झाल्यावर मी पुढे सरकलो.

"शेठ, उत्पन्नातल्या विषमतेबद्दल पक्षाची भूमिका काय?"

"विरोध आहे," शेठ म्हणाले. "कडाडून."

"वचननाम्यात दिसली नाही."

"आहे ना! पाणी, मालमत्ता कर, सीसीटीव्ही, ओपन जिम आणि शेवटी 'इत्यादी'. त्या 'इत्यादी'त आहे."

मी कागद काढला. आपल्या शेजारच्या अटल सेतूचे मोठे भाग ज्या लार्सन अँड टुब्रोने बांधले, तिच्या अध्यक्षांना 2023-24 मध्ये 51 कोटी रुपये मिळाले. कंपनीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं, तर बरोब्बर मधे जो येईल, त्याच्या 534 पट. हे काही कुणी शोधपत्रकाराने खणून काढलेलं नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला हे गुणोत्तर स्वतःच छापावं लागतं, 2013 च्या कंपनी कायद्याने. आणि जानेवारी 2025 मध्ये याच अध्यक्षांनी आठवड्याला 90 तास काम करावं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असा सवाल केला होता.

"नव्वदच?" शेठ चमकले. "आमची पोरं अर्ज भरल्यापासून घरी गेलेली नाहीत."

"पण 534 पट, शेठ?"

"छापतात म्हणता ना? मग कायदा पाळला. आणखी काय पाहिजे?" मग जरा मायेने म्हणाले, "आणि तुम्ही खालच्या माणसाचं विसरता. आम्ही लाडक्या बहिणींना 1,500 देतोय. 2,100 सुद्धा देणार, वेळ आली की."

मी तिथेच मोबाइलवर हिशेब मांडला. महिन्याला 1,500 प्रमाणे एका बहिणीला 51 कोटींपर्यंत पोहोचायला 28,000 वर्षांहून थोडी जास्तच लागतात. पण 2024 च्या विधानसभा निवडणुकीत कबूल केलेले 2,100 खरंच सुरू झाले, तर हेच काम 20,000 वर्षांत उरकतं. एका आश्वासनात बहिणीची आठ हजार वर्षं वाचतात! अडचण एकच, योजनेला 65 वर्षांची वयोमर्यादा आहे. ती तेवढी शिथिल करावी लागेल.

शेठना हिशेब आवडला. म्हणाले, "हे भाषणात घेऊ का?"

मी म्हटलं, त्यापेक्षा दुसरं घ्या. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या नगर परिषदेने 2016 मध्ये ठराव केला. ज्या कंपनीत मुख्य अधिकाऱ्याचा पगार मधल्या कामगाराच्या शंभर पटींच्या वर, तिच्या व्यवसाय करावर 10 टक्के अधिभार; अडीचशे पटींच्या वर गेला तर 25 टक्के. नगरपालिकेने हं, संसदेने नव्हे.

'कर' हा शब्द ऐकताच शेठनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "हळू! पहिल्या रांगेत सोसायटीवाले बसलेत. 2016 पासूनचा मागचा कर, वर सिडकोचं सेवाशुल्क, यावरून आधीच आमच्या नावाने शंख चाललाय, आणि तुम्ही इथे नवा कर काढता?"

"तो कर यांना नाही, वरच्यांना. देशाच्या उत्पन्नातला 22 टक्क्यांहून जास्त वाटा वरच्या एक टक्क्याकडे जातो, असं 2024 चा एक अभ्यास सांगतो."

"एक टक्का म्हणजे प्रभागात मतं किती? त्यातले निम्मे मतदानाला उतरत नाहीत."

"मग त्यांची भीती कसली?"

शेठ हसले. "ते मत देत नाहीत हो. बाकी सगळं देतात."

इतकी स्वच्छ भूमिका मी दिल्लीतही ऐकलेली नाही. 2007 मध्ये मनमोहन सिंगांनी उद्योगपतींना अवाजवी पगार टाळायला सुचवलं होतं. उद्योगपतींनी टाळ्या टाळल्या नसाव्यात, पगार तर नाहीच टाळले. मुंबईत ऑगस्ट 2016 मध्ये आमदारांनी आपलं वेतन दुपटीच्या आसपास नेलं, तेही चर्चेविना. विषमता कमी करायची तर सुरुवात स्वतःपासून करावी, आणि आमदार आणि सीईओ यांच्यातलं अंतर त्यांनी खरोखरच थोडं कमी केलं.

निघता निघता मी शेवटचा खडा टाकला. मतमोजणी 16 जानेवारीला आहे, शेठ. 1984 साली याच 16 आणि 17 तारखांना दि. बा. पाटलांच्या आंदोलनात आपल्या भागातले पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क उभा राहिला. दि. बां.नी मदत मागितली नव्हती, वाटा मागितला होता. आज नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून तुम्ही सगळ्यात पुढे असता. इकडे कंपनी कायदा वरच्या व्यवस्थापनाला नफ्याच्या 11 टक्क्यांपर्यंत मोबदला घेऊ देतो. त्याच्यावर जायचं तर पूर्वी सरकारची परवानगी लागायची, 2018 पासून भागधारकांचा ठराव पुरतो. त्यासाठी कुणाला गोळी खावी लागली नाही. मग तळोज्याच्या कंत्राटी कामगाराला नफ्यात किती टक्के, हे या सभेत एकदा विचाराल का?

शेठनी आधी माइककडे पाहिलं, तो बंद असल्याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी आले.

"तुम्ही शिकलेले दिसता, म्हणून सांगतो. टक्क्यांचं असं चारचौघांत बोलायचं नसतं. ते आधीच ठरलेलं असतं."