'नमस्कार मैत्रिणींनो' म्हणणाऱ्या ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपलं नाव इथे घेत नाही. आपल्यासारख्या सुगरणी आता घरोघरच्या फोनमध्ये वास करून आहेत. एकीचंच नाव घेतलं तर बाकीच्यांचा मान राखला जाणार नाही. तेव्हा 'फक्त १० मिनिटांत' आणि 'कधीच न चुकणारी' असे शब्द ज्यांच्या ओठी असतात, त्या सर्वांनी हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं, ही नम्र विनंती.

प्रथम आपल्या नमस्काराबद्दल आभार. आमच्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करतो आणि मी पुरुष आहे. तरी आपला 'मैत्रिणींनो' मी आजवर आदरानेच स्वीकारत आलो. पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत पोळ्या लाटणाऱ्या पुरुषांचीही दखल घ्यायची म्हटलं तर फोडणीला वेळ कुठून उरणार? आपली अडचण मी समजू शकतो.

आपल्या मापांबद्दल तर किती आभार मानू? आपण 'एक कप रवा' म्हणता तेव्हा हातात फुलाफुलांचा चहाचा कप असतो. पुढच्याच व्हिडिओत 'एक कप' म्हणताना आमटीची वाटी असते. अमेरिकेत कप म्हणजे साधारण २३७ मिलिलिटर. बाजारात मिळणारे मापाचे कप २४० किंवा २५० मिलिलिटरचे. आपल्या घरांतल्या वाट्या तर आहेराच्या, रुखवताच्या, बोहारणीकडून घेतलेल्या; एकीसारखी दुसरी नाही. पण आपण या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारून समान वागणूक दिलीत.

तीच गोष्ट सोड्याची. तोंडाने 'एक चमचा' आणि हातात दिसते ती चिमूट. मापाचा लहान चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५चा, पोह्यांचा चमचा ज्याच्या त्याच्या घरचा. खाण्याचा सोडा बेकिंग पावडरच्या निदान तिप्पट जोराचा असतो, हेही आपण सांगत नाही. ज्यांनी आपलं ऐकून पोह्यांचा चमचा भरून सोडा घातला, त्यांनी साबणाच्या चवीचा, लालसर ढोकळा डस्टबिनमध्ये टाकला. आपल्या व्हिडिओत मात्र तो पिवळाधमक, जाळीदार उतरला. अभिनंदन.

आता मोदकांकडे येतो. इथे आपल्या उपकारांची फेड कशी करावी हेच कळत नाही.

'कोणतंही तांदळाचं पीठ चालेल मैत्रिणींनो' असं आपण गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री सांगितलंत. वेळ अगदी नेमकी साधलीत, कारण त्यानंतर पिठी शोधायला दुकानं उघडी नसतात. भाकरीचं पीठ जाडसर असतं. मोदकाची पिठी करायची तर आंबेमोहर किंवा बासमतीची कणी धुवायची, फडक्यावर पसरून सावलीत वाळवायची, बारीक दळून चाळून घ्यायची. कोकणातल्या कुठल्याही घरात विचारलं असतं तर हे कळलं असतं. पण विचारलं असतं, तर 'कोणतंही पीठ चालेल' हे वाक्य गेलं असतं आणि व्हिडिओ बारा सेकंदांनी लांबला असता.

एका वाटीला एक वाटी पाणी, हे आपण सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ते बरोबर आहे. फक्त जुना तांदूळ थोडं जास्त पाणी पितो आणि नवा कमी, हे राहून गेलं. पाण्याला उकळी आली की त्यात मीठ आणि चमचाभर तूप घालायचं, पिठी एकदम घालून ढवळायचं आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ येऊ द्यायची, हेही राहून गेलं. आपल्याकडे पीठ पाण्यात पडतं आणि दुसऱ्या क्षणी परातीत लोण्यासारखा गोळा असतो. मधली वाफ गेली कुठे? आणि तो गोळा हाताला चटके बसत असताना, तेलापाण्याचा हात लावत मळावा लागतो. ती मळणी सर्वांत मोठं काम आहे आणि नेमकी तीच आपण कापून टाकलीत.

मग घरोघर काय झालं ते ऐका. नारळ खवून, गूळ घालून, वेलची-जायफळाचं सारण तयार. आरतीची वेळ झालेली. पारी हातात घेतली की कडेला बारीक चीर. कळी काढायला बोटं जवळ आणली की ती चीर तळापर्यंत. मिटवलेला मोदक मोदकपात्रात उकलतो, गुळाचं पाणी हळदीच्या पानावर पसरतं. आपला मोदक मात्र कधीच फुटत नाही, म्हणून फुटला तर काय करायचं हे सांगायची वेळ आपल्यावर आली नाही.

तर ते मी सांगतो. आपल्या परवानगीने. पारी चिरू लागली तर उकडीला गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. उकड कोरडीच वाटली तर पुन्हा एक वाफ द्यायची. काम चालू असताना उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवायचा, वाऱ्यावर नाही. पात्रात ठेवण्याआधी मोदक पाण्यात बुडवून काढायचा. एवढं सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. आपल्या शीर्षकात 'सिक्रेट टिप' हे शब्द मोठ्या लाल अक्षरांत असतात. ती टिप हीच होती, ताई.

सारण संपून उकड उरली तर कोकणात ती टाकून देत नाहीत. तिच्यात वाटलेली हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ मळतात, बोटांनी चपट्या निवगऱ्या थापतात, त्याच पात्रात वाफवतात आणि वर कच्चं तेल घालून खातात. बऱ्याच घरांत मुलं मोदकांपेक्षा निवगऱ्यांची वाट बघतात. बिघडलेली उकडही अशी सत्कारणी लागते. आपल्या मोदकांच्या व्हिडिओंत निवगरीचं नाव मला कधी ऐकायला मिळालं नाही. उरण्याची आणि बिघडण्याची सोय आपल्या स्वयंपाकघरात ठेवलेलीच दिसत नाही.

कांद्याबद्दल एकाच वाक्यात आभार मानतो: कांदा दोन मिनिटांत तांबूस होतो ही आनंदाची बातमी महाराष्ट्राला आपणच दिलीत, आणि पाहुणे दारात असताना पंचवीस मिनिटं कांदा परतत उभं राहणाऱ्यांनी ती फार जवळून ऐकली.

आता शिळ्याचा विषय. 'अन्न वाया घालवू नका मैत्रिणींनो' असं म्हणताना आपला आवाज किती हळवा होतो! कारणही तसंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. हॉटेलांतून आणि दुकानांतून मिळून गेलं नाही एवढं आपल्या पातेल्यांतून गेलं.

हे कळकळीने सांगून झाल्यावर आपण 'शिळ्या भाताचे चीज बॉल्स' दाखवलेत. वाटीभर उरलेला भात. त्याला २०० ग्रॅम चीज, तीन उकडलेले बटाटे, कॉर्नफ्लोअर, ब्रेडचा चुरा, ओरिगॅनो आणि तळायला कढईभर तेल. भात संपला, मान्य. पण फ्रीजमध्ये फोडलेलं चीजचं पाकीट उरलं, डब्यात ब्रेडचा चुरा उरला, कॉर्नफ्लोअरच्या पुडीला रबर लागलं आणि तळणाचं काळपट तेल गाळून बरणीत गेलं. वाटीभर शिळं संपवायला आपण चार नवी शिळी घरात आणून दिलीत. आता त्यांच्यासाठीही आपला व्हिडिओ येईलच.

आपल्याकडची रीत याच्या उलटी होती आणि ती मोठ्या अकलेची होती. उरलेलं संपवायचं ते घरात जे आहे त्यातूनच, त्यासाठी बाजारात जायचं नाही. रात्रीच्या भाताला मोहरी, हिंग, हळद, मिरची, मूठभर दाणे आणि वरून लिंबू. पोळीचा कुस्करा, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू. भाकरी ताकात कुस्करून. उरलेलं वरण थालिपिठाच्या भाजणीत मळायचं, म्हणजे पाणी लागत नाही आणि चवही येते. पुरणाची डाळ शिजल्यावर निथळलेला कट टाकायचा नाही, त्याचीच दुपारची आमटी. गोव्यात रात्रीची माशाची कढी सकाळी आटवून दाट करतात आणि 'काल्ची कडी' म्हणून पावाबरोबर खातात. ती खाणाऱ्याला ताजी कढी दिली तरी नको असते.

यातला एकही पदार्थ फोटोत फार देखणा दिसत नाही, हे मान्य करतो. फोडणीची पोळी पिवळी आणि चुरचुरीत, एवढंच. तिच्यावर चीजची तार ओढता येत नाही. म्हणून ती आपल्या पडद्यावर येत नाही, आणि पडद्यावर येत नाही म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलामुलींना वाटतं की शिळं संपवणं म्हणजे खर्चाचं काम, त्यापेक्षा टाकून दिलेलं बरं. हे आपल्यामुळे होतं आहे, ताई. इथे मला गोड बोलणं जमत नाही.

आणि आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती सांगतो.

आपण एका सकाळी म्हणालात, 'भात फ्रीजमध्ये ठेवू नका, कडक होतो. रात्रभर ओट्यावरच झाकून ठेवा, सकाळी मस्त मोकळा होतो.' आपल्या प्रेमळ स्वरात. पाठीमागे बासरी वाजत होती.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि भात शिजवल्याने ते मरत नाहीत. शिजलेला भात उबेत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसं होत नाही. म्हणजे सकाळची कडकडीत फोडणी इथे कामाची नाही. भाताला वास येत नाही, तार सुटत नाही, तो खरोखरच मस्त मोकळा दिसतो. आणि हा भात सकाळी जातो कुठे? शाळेच्या डब्यात.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात फ्रीजमध्ये ठेवावं, असा सर्वमान्य नियम आहे. मे महिन्यात नागपूरला, जळगावला रात्रीसुद्धा स्वयंपाकघर किती तापलेलं असतं हे तिथल्या कुणालाही विचारा. उरलेला भात परातीत पसरावा म्हणजे लवकर निवतो, मग झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी कडक झाला तर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणावी. मऊ होतो. आमच्या घरी ऐंशीच्या पुढची आई हाच भात खाते, म्हणून मी या बाबतीत कुणाचीही भीड ठेवत नाही.

आपल्याला हे ठाऊक नव्हतं असं मी धरून चालतो. पण ज्यांचं बोलणं हजारो चुलींपर्यंत पोचतं, त्यांनी ठाऊक करून घ्यायला हवं.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक आलं. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, बासरी नव्हती. वाटी आणि चमचा ही घरातली मापं घेऊन त्यांनी पाककृती लिहिल्या, आणि लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या मुलींनी त्या पानांवर हळदीची बोटं उमटवत संसार केले. दाखवता येत नव्हतं म्हणून त्यांना नीट सांगावं लागलं. आपल्याला दाखवता येतं, म्हणून आपण सांगणंच सोडून दिलंत. कापलेल्या तुकड्यांतून तयार पदार्थ तेवढा आमच्यापुढे येतो. तो होताना कसा दिसतो, कसा वास देतो, कुठे थांबायचं, हे सगळं आपल्या संगणकात राहतं.

साहित्य आमचं जातं, ताई. गॅस आमचा जातो. रविवारची सकाळ आमची जाते. घरातली माणसं 'चांगलं झालंय' म्हणून निमूटपणे खातात आणि करणाऱ्याला वाटतं की आपल्याच हाताला चव नाही. कितीतरी नवशिक्यांनी याच समजुतीने नवं करून बघणं सोडलं असेल. त्यांचा हात चांगला आहे. सांगणाऱ्याने अर्धं सांगितलं होतं.

तरी आपल्यावरचा लोभ कायम आहे, म्हणून मागणं मागतो. मापाला एकच वाटी ठेवा आणि तिच्यात किती मिलिलिटर पाणी मावतं ते एकदा सांगा. पिठाचं, तांदळाचं नाव घ्या. कांद्याला खरोखर लागतील तेवढी मिनिटं पडद्यावर लिहा. बिघडलं तर काय करायचं, हे प्रत्येक पदार्थाच्या शेवटी सांगा. तेवढ्यासाठी 'लाइक करा, शेअर करा' थोडं कमी म्हटलं तरी चालेल.

यातलं काहीच जमणार नसेल तर निदान एक करा. तो रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भाताचा व्हिडिओ आज, हे पत्र वाचून होताच, काढून टाका. आणि उद्याच्या व्हिडिओत, नमस्कार झाल्या झाल्या, तो का काढला ते सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारा एक मित्र