गणवेशातला फोटो आहे का?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची मुदत दोनच वर्षांची. शपथ घेऊन माणूस घरी पोचतो न पोचतो, तोच पुढच्या निवडणुकीच्या पाट्या छापायला टाकाव्या लागतात. जागा ४३५ आणि इच्छुकांची तर गणतीच नाही. एवढा माल लागतो म्हटल्यावर उमेदवार एकेक करून घडवत बसायला वेळ कुणाला आहे? साचा हवा. तो पुरवणारी प्रचार-सल्लागार नावाची एक जमात तिकडे आहे आणि तिच्या दुकानातला हमखास खपणारा साचा म्हणजे 'माजी सैनिक, शिवाय नागरी हक्कांचा वकील'.

का खपतो, ते उघड आहे. सैनिक म्हटले की उजवीकडचा मतदार टोपी काढतो, नागरी हक्क म्हटले की डावीकडचा मान डोलावतो. तीस सेकंदांच्या जाहिरातीत पहिली दहा सेकंदे गणवेश, पुढची दहा न्यायालयाच्या पायऱ्या, उरलेल्या दहांत बायको, मुले आणि कुत्रा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: उमेदवाराचा लष्करी हुद्दा आणि गणवेशातले फोटो दाखवले, याचा अर्थ संरक्षण खात्याचा त्याला पाठिंबा आहे असा नाही. ही ओळ खात्याच्या नियमामुळे टाकावी लागते. अख्ख्या जाहिरातीत तेवढे एकच वाक्य डोळे मिटून खरे मानावे.

या साच्याला भाव आला तो टंचाईमुळे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसमधले जवळजवळ तीन-चतुर्थांश सदस्य कधी ना कधी लष्करात राहून आलेले होते. तेव्हा 'मी सैनिक होतो' असे सभेत सांगितले असते, तर पहिल्या रांगेतून 'मग आम्ही काय पोळ्या लाटत होतो?' असा आवाज आला असता. आज हे प्रमाण एक-पंचमांशाच्याही खाली आहे.

आता या सल्लागाराच्या टेबलावर आपण एक फाइल ठेवू. सल्लागार काल्पनिक, फाइल खरी. नाव लुईस स्टोक्स, मुक्काम क्लीव्हलँड, राज्य ओहायो, निवडणूक १९६८ची.

पहिलेच पान: जन्म १९२५, लष्करी सेवा १९४३ ते १९४६. सल्लागार सरसावून बसतो. दुसरे महायुद्ध! कुठे लढला? नॉर्मंडीला? पॅसिफिकमध्ये? कुठेच नाही. लष्कराने त्याला बहुतेक काळ देशातच, दक्षिणेकडच्या तळांवर, कारकुनी कामाला ठेवले. कृष्णवर्णीय शिपायांच्या तुकड्या वेगळ्या, बराकी वेगळ्या, खानावळी वेगळ्या. हिटलरचा वंशवाद गाडायला निघालेल्या फौजेने आपला स्वतःचा वंशवाद असा टापटीप, खातेनिहाय लावून ठेवला होता. त्या काळात दक्षिणेत जर्मन युद्धकैद्यांना उपाहारगृहात टेबलाशी बसवून जेवण वाढले जाई आणि अमेरिकी गणवेशातल्या काळ्या शिपायाला त्याच उपाहारगृहाच्या मागच्या दाराशी उभे राहावे लागे, असे प्रकार शिपायांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. सल्लागाराचा शेरा: 'पदके नाहीत. फोटो असल्यास मागवावा. पार्श्वभूमीला बराक दिसत असल्यास कापावी.'

दुसरे पान: वडील लाँड्रीत कामाला, मुलगा तीन वर्षांचा असताना वारले. आई लोकांच्या घरी साफसफाई करी. दोन मुलगे वाढले ते आउथवेट होम्स या सरकारी वसाहतीत. युद्धानंतर माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळू लागला, त्यावर हा शिकला. दिवसा सरकारी नोकरी, संध्याकाळी लॉ कॉलेज, १९५३ साली पदवी. शेरा: 'आई फारच छान. चित्रीकरणासाठी जुने स्वयंपाकघर मिळेल का?'

तिसऱ्या पानावर मात्र सल्लागाराच्या कपाळाला आठ्या पडतात. या वकिलाचा सर्वांत गाजलेला खटला तो हरलेला आहे.

ऑक्टोबर १९६३. क्लीव्हलँडच्या भर बाजारात मॅकफॅडन नावाचा साध्या वेशातला एक म्हातारा डिटेक्टिव्ह उभा होता. दोन काळे तरुण आळीपाळीने एका दुकानाच्या काचेतून आत डोकावून परत येताहेत, हे त्याने पाहिले. तिसरा एक जण येऊन त्यांच्याशी बोलून गेला. मॅकफॅडनने जाऊन नावे विचारली, उत्तर पुटपुटत मिळाले, तशी त्याने जॉन टेरीला गर्रकन फिरवून त्याचे कपडे चाचपले. पिस्तूल निघाले. दुसऱ्याकडेही निघाले. वॉरंट नाही, अटक नाही, नुसता संशय. आरोपींच्या बाजूने उभे राहिले लुईस स्टोक्स. उलटतपासणीत त्यांनी विचारले की पोलिसातल्या एकोणचाळीस वर्षांत दरोड्याआधी अशी टेहळणी करणारी माणसे तुम्ही कधी पाहिली आहेत का? मॅकफॅडन प्रामाणिक माणूस. खरे सांगायचे तर नाही, असे म्हणाला.

एरवी एवढ्या उत्तरावर साक्षीदार आडवा व्हायचा. इथे अशील आडवा झाला. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला, डिसेंबर १९६७मध्ये स्टोक्स यांनी तिथे युक्तिवाद केला आणि १० जून १९६८ रोजी आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल विरोधात गेला. वाजवी संशय असेल तर पोलिसाने माणसाला थांबवून चाचपायला हरकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. रस्त्यात अडवून झडती घेण्याला अमेरिकेत जो कायदेशीर आधार आहे, तो हा. म्हणजे नागरी हक्कांच्या वकिलाने नागरिकाच्या हक्कासाठी दिलेल्या लढ्यातून जन्माला काय आले, तर पोलिसांचा हक्क. शेरा लाल शाईत: 'कुठेही उल्लेख नको. विचारल्यास आईकडे विषय वळवावा.'

चौथे पान सल्लागार दोनदा वाचतो. ओहायोच्या विधिमंडळाने क्लीव्हलँडची काळी वस्ती वेगवेगळ्या मतदारसंघांत अशी वाटली होती की कुठेच तिचे बहुमत होऊ नये. कापाकापी नीटनेटकी होती. मत द्यायला कुणाला बंदी नाही, फक्त मताला वजन नाही. याविरुद्ध दावा गुदरला गेला. वादीचे नाव चार्ल्स लुकस आणि त्यांच्या वकिलांतले एक लुईस स्टोक्स. पुन्हा डिसेंबर १९६७, पुन्हा सर्वोच्च न्यायालय. या वेळी निकाल बाजूने लागला, नकाशा नव्याने काढावा लागला आणि क्लीव्हलँडच्या पूर्व भागात काळ्या बहुमताचा एकविसावा मतदारसंघ तयार झाला.

आता जागा आहे म्हटल्यावर ती लढवायला कुणीतरी हवे. स्टोक्स यांना राजकारणाची हौस नव्हती. ती होती धाकट्या भावाला. कार्ल स्टोक्स त्याच नोव्हेंबरात, म्हणजे दावा जिंकण्याच्या महिनाभर आधी, क्लीव्हलँडचे महापौर झाले होते. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर, तोही राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या नातवाला पाडून! कार्लने थोरल्या भावाला गळ घातली. (आपल्याकडचा वाचक इथे 'अच्छा, म्हणजे घराणे!' म्हणून गालात हसेल. हसू द्या. एका बाजूला राष्ट्राध्यक्षाचा नातू आणि दुसऱ्या बाजूला मोलकरणीची दोन मुले, याला घराणेशाही म्हणायचेच असेल तर कुणाची, ते वाचकाने ठरवावे.) डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत चौदा जण उभे होते. आदल्या वर्षापर्यंत जी जागा नकाशावर नव्हती, तिचे एवढे सेवक एकदम कुठून उगवले, हे क्लीव्हलँडलाच ठाऊक. स्टोक्स जिंकले.

आणि मुख्य निवडणुकीत रिपब्लिकन पक्षातर्फे समोर उभे कोण राहिले? चार्ल्स लुकस. तेच, दाव्यातले वादी. वकील आणि अशील दोघांनी मिळून कोर्टातून एक मतदारसंघ सोडवून आणला आणि मग त्याच मतदारसंघासाठी दोघे एकमेकांसमोर ठाकले. स्टोक्स सुमारे तीन-चतुर्थांश मते घेऊन आले. ओहायोतून काँग्रेसवर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. सल्लागाराचा शेरा: 'विरोधकाची गुपिते खणून काढायचा खर्च वाचला. वकीलपत्र पाहावे.'

फाइल मिटून सल्लागार शेवटी मुद्द्यावर येतो: हे सगळे ठीक, पण गृहस्थाला फोनवर पैसे मागता येतात का? हा प्रश्न थट्टेचा नाही. २०१२च्या निवडणुकीनंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीने नव्या सदस्यांना दिवसाचे नमुना वेळापत्रक दाखवले, त्यात देणगीसाठी फोन करायला रोज चार तास राखले होते. सभागृह आणि समित्या मिळून दोन. सरकारी कार्यालयातून असे फोन करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून लोकप्रतिनिधी जवळच्या पक्ष कार्यालयात जाऊन छोट्या खोलीत बसतात आणि यादीतले नंबर फिरवतात. कॉल सेंटरमधल्या पोराला निदान ओव्हरटाइम तरी मिळतो.

एवढे करून साचा लागू पडेलच असे नाही. मॅक्स क्लेलँड यांनी व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि उजवा हात गमावला होता. २००२ साली ते जॉर्जियातून सिनेटची जागा राखायला उभे राहिले, तेव्हा लष्करात कधीच न गेलेल्या प्रतिस्पर्ध्याने बिन लादेन आणि सद्दाम यांची चित्रे असलेली जाहिरात काढून त्यांनाच देशाच्या सुरक्षेबाबत कच्चे ठरवले. क्लेलँड पडले. मतदार सैनिकाचा आदर करतो तो विमानतळावर. मतदानाच्या दिवशी तो जाहिरातीचा आदर करतो.

स्टोक्स यांच्या गणवेशाला मात्र एकदा चांगले काम मिळाले, निवडून आल्यावर एकोणीस वर्षांनी. जुलै १९८७मध्ये इराण-काँट्रा प्रकरणाची चौकशी चालू होती. इराणला गुपचूप शस्त्रे विकायची आणि त्यातला पैसा काँग्रेसने मनाई केलेली असताना निकाराग्वातल्या बंडखोरांना पोचवायचा, असा तो उद्योग. साक्षीला आले लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ, कडक इस्त्रीचा गणवेश आणि छातीवर पदकांच्या फितींच्या रांगा. टीव्हीसमोर बसलेला निम्मा देश विरघळला. कायदा मोडला का, हा प्रश्न अशा छातीला विचारणे अनेकांना असभ्य वाटू लागले. समितीत स्टोक्स होते. त्यांनी शांतपणे सांगितले की हा गणवेश मीही घातला आहे, तुमच्याइतक्याच अभिमानाने, आणि तेही सरकार काळ्या-गोऱ्या शिपायांना वेगळे राहायला, झोपायला, जेवायला लावत होते तेव्हा. सल्लागाराचा उशिरा आलेला शेरा: 'हे १९६८ सालीच का नाही सांगितले? वाया गेले.'

नॉर्थसाहेबांना पुढे शिक्षा झाली, अपिलात ती रद्द झाली आणि १९९४ साली ते व्हर्जिनियातून सिनेटला उभे राहिले. सुमारे दोन कोटी डॉलर जमवले आणि पडले, तेही व्हिएतनामला जाऊन आलेल्या दुसऱ्या एका माजी मरीन अधिकाऱ्याकडून. त्याच नोव्हेंबरात लुईस स्टोक्स क्लीव्हलँडमधून चौदाव्यांदा निवडून आले. पुढे आणखी एक निवडणूक जिंकून १९९९च्या जानेवारीत निवृत्त झाले, तोवर ते एकही निवडणूक हरले नव्हते.