स्पीकरखालच्या दोन खोक्यांच्या शिल्पकारास

प्रति,
परमआदरणीय फर्निचर कॉन्ट्रॅक्टरसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण माझ्या जुन्या स्पीकरांसाठी घडवलेल्या दोन लाकडी बैठका आता आमच्या दिवाणखान्यात चांगल्या मुरल्या आहेत. आभार तोंडीच मानायचे होते. पण शेवटचा हप्ता हाती पडल्यापासून आपला फोन कायम दुसऱ्या कॉलवर व्यस्त असतो. आपल्यासारख्या कलावंताला मागणी असणारच. म्हणून हे खुलं पत्र.

सर्वप्रथम आपल्या निर्विकार वृत्तीला वंदन. मी भारावून सांगत होतो, की हे क्लिप्श कंपनीचे हेरेसी. हे मॉडेल १९५७ साली अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या लहानशा गावात जन्माला आलं. बारा इंची वूफर, त्याच्या वर मधल्या आणि उंच स्वरांसाठी दोन हॉर्न, आणि हा सगळा संसार जेमतेम पावणेदोन फूट उंचीच्या बंद पेटीत. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, टेप लावलीत आणि वहीत नोंद केलीत : ‘साइड टेबल, नग २’. एवढा पाल्हाळ दोन शब्दांत बसवणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

मी दिलेली आकृती आपण सुधारून घेतलीत, त्याबद्दल तर मी जन्माचा ऋणी आहे. आकृतीत मागची कड सात इंच होती आणि पुढची साडेआठ. कारण असं, की सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून तीन फुटांच्या थोडा वर असतो आणि या स्पीकरचे हॉर्न दीड फुटाच्या आसपास. उंच स्वर सरळ रेषेत जातात, हॉर्नमधून तर जास्तच. म्हणून पेटी थोडी उचलायची आणि थोडी मागे रेलवायची. खुद्द कंपनीनंही हेरेसीखाली अशीच तिरकी चौकट दिली होती. आपण मात्र एका नजरेत ताडलंत, की कंपनी आणि मी दोघेही वेडे आहोत. ‘साहेब, तुमच्या ड्रॉइंगमध्ये मिस्टेक होती, मी सरळ करून घेतलं,’ असं आपण मोठ्या मनानं म्हणालात.

त्या सरळपणामुळे आता किशोरीताई आमोणकरांची तान माझ्या कानांऐवजी थेट पोटाशी येते. गाणं अंगात भिनावं म्हणतात. पण ते बेंबीच्या वाटेनं भिनतं, हे आपल्यामुळे कळलं.

आपण सपाटीचे एवढे भोक्ते आहात म्हटल्यावर मी कौतुकानं बैठकीवर पाणसळ ठेवून पाहिली. पुढून मागे बुडबुडा अगदी मधोमध. डावीकडून उजवीकडे मात्र तो एका टोकाला जाऊन बसला. म्हणजे जिथं उतार हवा होता तिथं सपाट, आणि जिथं सपाट हवं होतं तिथं उतार. दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत साधायच्या तर हाताला वळण लागतं.

एका बैठकीचं चौथं चाक जमिनीला टेकत नाही, हे आपल्याही लक्षात आलं होतं. आपण क्षणाचाही विलंब न लावता खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढलंत, दुमडलंत आणि चाकाखाली सरकवलंत. ते अजून तिथंच आहे. आपलं नाव आत गेलं आहे; फक्त ‘क्वालिटी हीच आमची ओळख’ एवढी ओळ बाहेर डोकावते. गुण्या लावायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात कामही झालं आणि जाहिरातही.

आता लाकडाविषयी. मी सांगितलं होतं, की १९ मिलिमीटरचं मरीन प्लाय, दोन थर सरसानं चिकटवून, आत आडव्या-उभ्या पट्ट्या. आपण पार्टिकल बोर्डाचं खोकं केलंत. आत पट्टी नाही, आधार नाही, केवळ हवा. पट्ट्यांची विचारणा केली तेव्हा, ‘आतलं कोण बघतंय?’ हा आपला प्रतिप्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवरचा होता. खरं आहे, आतलं कोणी बघत नाही. ते ऐकू येतं. डग्ग्यावर थाप पडली की स्पीकर बोलतो, आणि तो गप्प झाल्यावर आपली बैठक बोलते. तबलजी एक, डग्गे दोन.

मिरजेला तानपुरे करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या भोपळ्याच्या पोकळीतून नाद काढण्यात. आपण ती सिद्धी एका दुपारीत मिळवलीत, तीही मागितली नसताना! अडचण एवढीच, की वाद्यानं घुमावं ही अपेक्षा असते आणि स्पीकरच्या बैठकीनं घुमू नये ही. वीसेक किलोंचा स्पीकर उचलून धरायचा, न हलता, न वाजता. जिचं काम काहीही न करणं आहे, अशा वस्तूला आपण इतकं कामाला लावलंत!

आपल्या औदार्याचाही उल्लेख व्हायला हवा. जुन्या पेट्यांना अक्रोडाचं व्हीनियर आहे, तेलानं पुसून पुसून काळपट-मऊ झालेलं. त्याला मॅचिंग म्हणून आपण लालसर, चकाकता सनमायका लावलात, आणि शिवाय खालच्या कडेला न मागता निळी एलईडी पट्टी. ‘रात्री लुक येतो,’ असं आपण म्हणाला होता. येतो खरा. पट्टीसोबतचा स्वस्तातला ड्रायव्हर एकसारखा गुणगुणत असतो, त्यामुळे गवयानं षड्ज लावण्याआधीच घरात भलताच षड्ज लागलेला असतो.

चाकांबद्दलही धन्यवाद. ‘वहिनींना लादी पुसायला सोपं,’ हा आपला विचार किती मायेचा! वहिनींनी एकदाच फडकं फिरवलं आणि डावा स्पीकर बाल्कनीच्या दिशेनं निघाला. वूफरचा पडदा हवा पुढे ढकलतो, तेव्हा पेटी जागची हलू नये म्हणून माणसं तिच्याखाली वजनदार फरशा ठेवतात. आपण तिला फिरायची मोकळीक दिलीत.

आणि अखेरीस आपल्या काळजीवाहूपणाचा कळस. स्पीकर चाकांच्या बैठकीवरून घसरू नये, म्हणून आपण खालून अडीच इंची स्क्रू मारलेत. पाऊण इंच आपलं बोर्ड, पाऊण इंच जुन्या पेटीचा तळ, आणि उरलेली इंचभर टोकं आत, वायरिंगच्या शेजारी. ही पेटी बंद असते, साहेब. आत कोंडलेली हवाच वूफरच्या पडद्याला सांभाळून धरते, म्हणून तिला फट चालत नाही. एक स्क्रू आपल्याला तिरका गेल्यासारखा वाटला, तेव्हा तो काढून आपण शेजारी दुसरा मारलात. पहिल्याचं भोक उदारपणे तसंच ठेवलंत. खर्जाचा स्वर लागला की तिथून बारीक शीळ येते. पेटी पन्नास वर्षं मुकी होती, आपण तिला वाचा दिलीत.

हे स्पीकर ज्यांनी घडवले, त्या पॉल क्लिप्श यांची आठवण या निमित्तानं होते. ते कोटाच्या कॉलरच्या आत एक पिवळा बिल्ला लावत. समोरचा माणूस फार फेकायला लागला, की वाद न घालता कॉलर उलटवून तो दाखवत. बिल्ल्यावर इंग्रजीतली एक ठसठशीत शिवी होती. आपण मला ‘पार्टिकल बोर्डानं साउंडला बेस येतो’ हे समजावून सांगत होता, तेव्हा माझ्या अंगात साधा सदरा होता, याचं शल्य आजही आहे.

बिलात ‘डिझाइन चार्जेस’ असा वेगळा रकाना पाहून मात्र ऊर भरून आला. डिझाइन माझं, ते बाजूला ठेवण्याचे कष्ट आपले. मोल कष्टांचंच व्हायला हवं.

एकच नम्र विनंती. पुढच्या खेपेस कुणी असाच खुळा आकृती घेऊन आला, तर त्याला सुधारण्याच्या भानगडीत पडू नका. आकृतीत आहे तेवढंच करा, नाहीतर ‘मला जमणार नाही’ म्हणून मोकळे व्हा. त्या तीन शब्दांचे मी आपल्याला याहून जास्त पैसे दिले असते.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक ग्राहक

ता. क. — पत्र शेजारून वाचणाऱ्यांसाठी : कानाच्या उंचीतून, बैठकीवर ठेवल्यावर येणारी हॉर्नची किंवा ट्वीटरची उंची वजा करा, बसण्याच्या अंतरानं भागा आणि पेटीच्या खोलीनं गुणा, पुढची कड मागच्या कडेपेक्षा साधारण तेवढी उंच ठेवायला सांगा. प्लाय जाड घ्या आणि आत पट्ट्या मारताना समोर उभे राहा. जुन्या पेटीला स्क्रू लावू देऊ नका, मध्ये रबराचे तुकडे पुरतात. आणि शेवटचा हप्ता पाणसळ आडवी ठेवून पाहिल्यावरच द्या.