खांदे मागे, हनुवटी आत

पुणे शहरात दुसऱ्याची चूक त्याच्या निदर्शनास आणून देणे हे नागरी कर्तव्य मानले जाते आणि बहुसंख्य नागरिक ते विनामूल्य बजावतात. या कामाबद्दल दरमहा मानधन घेणारा, आणि तरीही ज्याचे लोक आभार मानतात असा जो एक छोटासा वर्ग शहरात आढळतो, त्यास योगशिक्षक म्हणतात. मुद्रितशोधक, नाट्यसमीक्षक आणि गल्ल्यावर बसलेले वयस्क दुकानदार हेही याच कुळातले असले, तरी त्यांचे शब्द ऐकून कोणी डोळे मिटून शांत पडून राहत नाही, एवढा भेद अभ्यासकाने ध्यानात ठेवावा.

हा वर्ग पुण्यातच इतका का फोफावला, याचा शोध घेताना तीन घराण्यांपर्यंत जावे लागते. पहिले अर्थातच बी. के. एस. अय्यंगार यांचे. कर्नाटकातील बेळ्ळूर येथे १९१८ साली जन्मलेले आणि मलेरिया, विषमज्वर व क्षय यांनी बालपणीच पिळून काढलेले अय्यंगार १९३७ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, आपले गुरू टी. कृष्णमाचार्य यांच्या आज्ञेवरून म्हैसूर सोडून डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले, ते सहा महिन्यांच्या बोलीवर. ही मुदत वाढत वाढत गेली आणि २०१४ साली त्यांच्या निधनानेच संपली. पुण्यात तात्पुरत्या आलेल्या अनेकांची गत अशीच होते, परंतु मराठी येत नसताना या शहरातील सुशिक्षित माणसांना तुमचा गुडघा वाकडा आहे असे सांगणे, आणि तरीही पुढच्या महिन्यात ती माणसे वर्गाला हजर असणे, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही आसनाइतकीच दुष्कर मानली पाहिजे. त्यांच्या पद्धतीत शरीराच्या रेषेला, म्हणजे कोणते हाड कोणत्या हाडावर कसे उभे आहे याला, असाधारण महत्त्व आहे, आणि ज्याचे हात पायांच्या अंगठ्यापर्यंत पोहोचत नाहीत त्याच्यासाठी पट्टे, दोर, ठोकळे, लोड व खुर्च्या अशी साधने आहेत, ज्यांना वर्गात सर्वजण ‘प्रॉप’ म्हणतात. येहुदी मेन्यूहिन यांच्या प्रस्तावनेसह १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योगा’ने ही काटेकोर नजर जगभर नेली. पुढे १९७५ साली, पत्नीच्या निधनानंतर तिच्या नावाने, मॉडेल कॉलनीच्या परिसरात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. तिथे सातासमुद्रापलीकडचे साधक अनेक वर्षांचा सराव पाठीशी बांधून येतात, आणि दोन गल्ल्या पलीकडे जन्मापासून राहणारे गृहस्थ ‘एकदा जायला हवं’ असे तेव्हापासून म्हणत आहेत.

दुसरे घराणे लोणावळ्याचे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामाने उड्डियान आणि नौली यांसारख्या क्रिया (पोट आत खेचणे आणि पोटाचे स्नायू घुसळणे, असे ढोबळमानाने म्हणता येईल) क्ष-किरणांखाली धरल्या व ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून निष्कर्ष छापले. तेव्हापासून या परिसरातल्या योगशिक्षकाला ‘हे का करायचे?’ या प्रश्नावर ‘परंपरा आहे’ असे म्हणून सुटता येत नाही. तिसरे घराणे औंध संस्थानचे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि त्यांच्याकडून या वर्गाने आकड्यांचे प्रेम उचलले. रथसप्तमीच्या सकाळी १०८ नमस्कार घातल्यावर हे प्रेम पुढले चार दिवस जिना उतरताना जाणवत राहते.

एवढ्या परंपरांचा वारसदार असलेला शिक्षक पहाटे साडेचारला उठतो, कारण तसे त्याने वर्गात सांगून ठेवलेले असते. घरातली माणसे झोपलेली असतात आणि त्यांची तशीच राहण्याची इच्छा असते, म्हणून तो अंधारातच आपला सराव उरकतो, व अधोमुख श्वानासनात, म्हणजे तळहात आणि तळपाय जमिनीवर व कंबर छताकडे अशा अवस्थेत, गेल्यावर गेल्या आठवड्यापासून हरवलेला रिमोट दिवाणाखाली असल्याचे त्याला प्रथमच दिसते. मग कानटोपी आणि स्वेटर चढवून, स्कूटरच्या पायाशी लोड, हुकाला पट्ट्यांची पिशवी आणि पाठीवर गुंडाळलेली सतरंजी अशा थाटात तो निघतो. हनुमान टेकडीकडे चाललेली मंडळी वाटेत दिसतात. टेकडी म्हणजे जिथे अर्धा तास चढून वर दीड तास देशाच्या कारभाराची चर्चा करता येते, अशी पुण्यातील सोय. त्या मंडळींपैकी कोणाचा उजवा खांदा पडलेला आहे, कोण टाचा घासत चालतो, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही, परंतु फी भरलेली नसल्यामुळे तो बोलत नाही.

वर्गाची जागा ही या व्यवसायातली सर्वांत अस्थिर गोष्ट होय. सोसायटीचा हॉल, शाळेची व्यायामशाळा, देवळामागची ओसरी असे फिरत फिरत अनेक वर्ग अखेर मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर स्थिरावतात, आणि लग्नसराई सुरू झाली की तेथेही प्रत्याहाराची, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून मागे खेचण्याच्या साधनेची, कसोटी लागते. खाली जिलेबी तळली जात असेल, तर पूरक, म्हणजे श्वास आत घेणे, कोणाला समजावून द्यावे लागत नाही; अडचण रेचकाची, म्हणजे तो सोडून देण्याची असते. कुंभक, अर्थात श्वास रोखणे, एरवी वर्षभर ज्यांना साधत नाही, त्यांनाही मसालेभाताच्या फोडणीच्या वेळी साधतो, आणि शवासनात सनईच्या सुरावर संपूर्ण वर्ग इतका शिथिल होतो की मुहूर्ताला अक्षता टाकायला खाली जावे की काय, असा विचार निदान दोघांच्या तरी चेहऱ्यावर दिसतो.

पुण्यातील योगशिक्षणाची खरी अडचण विद्यार्थ्यांच्या ताठ स्नायूंत नसून त्यांच्या व्यासंगात आहे. पहिल्या रांगेतील निवृत्त प्राध्यापिका प्रार्थनेतला विसर्ग दुरुस्त करतात. खिडकीजवळचे निवृत्त अभियंते त्रिकोणासनातला त्रिकोण नेमका कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न तोल जाण्याच्या बेतात असतानाही उपस्थित करतात. आणि हिंजवडीतील नोकरीमुळे मान धरलेला तरुण, ज्याला पाठीवर पडून राहण्याखेरीज काही नको असते, तो या दोघांचा वाद संपेपर्यंत झोपी गेलेला असतो. वर्गातील संवादांची शैलीही अभ्यासण्याजोगी आहे. ‘काकू, श्वास घ्या,’ असे शिक्षकाने म्हटल्यावर ‘घेतला की मघाशीच’ असे उत्तर येते. ‘गुडघ्यात वाकू नका’ यावर ‘वाकत नाही, तो तसाच आहे’ असा खुलासा मिळतो. आणि संपूर्ण वर्ग कुंभकात असताना, म्हणजे ज्या क्षणी बोलणे शारीरिकदृष्ट्या अशक्य असायला हवे त्या क्षणी, कोपऱ्यातून ‘सर, उद्या सुट्टी आहे ना?’ असा प्रश्न स्पष्ट ऐकू येतो. ‘सर’ हे संबोधन वयाने वीस वर्षे मोठे असलेलेही वापरतात, मात्र ते उच्चारताना आपण एकेकाळी कोणत्या खात्यात साहेब होतो हे सूचित झाले आहे याची काळजी घेतात.

अशा श्रोतृवृंदापुढे तोंडी उपदेश टिकत नाही, म्हणून शिक्षक पाटीचा आश्रय घेतो. ‘चपला रेषेत काढाव्यात; रेष सरळ असते’, ‘शवासनात घोरू नये; घोरल्यास उठल्यावर शेजाऱ्याची क्षमा मागावी’, ‘आपण गैरहजर राहिलात तरी महिना पुढे जातोच, सबब फी वजा होणार नाही’ अशा आशयाचे फलक वर्गात दिसतात. यांपैकी शेवटच्याकडे सर्वांचे लक्ष जाते आणि परिणाम कोणावरच होत नाही. फी मागणे ही या माणसाला आयुष्यभर न साधलेली एकमेव क्रिया आहे. पतंजलीने यमांमध्ये, म्हणजे समाजात पाळावयाच्या पाच बंधनांमध्ये, अपरिग्रह, अर्थात संचय न करणे, सांगितला आहे. तो पाळण्यासाठी त्याला वेगळे काही करावे लागत नाही, विद्यार्थी ती व्यवस्था करतात. अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याचे, तसे नाही. दर दिवाळीनंतर पट्टे मोजले असता काही कमी भरतात आणि त्यांतला एखादा पुढे कोणाच्या तरी प्रवासी बॅगेभोवती आवळलेला दिसतो.

शिक्षकांच्या या वर्गात स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांचा उल्लेख टाळणारी पाहणी अपुरी ठरेल. अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी स्त्रियांच्या अभ्यासक्रमाचा स्वतंत्र विचार केला व त्यावर ग्रंथ लिहिला, त्यामुळे पुण्यातील ‘मॅडम’ला आदर्श शोधायला दूर जावे लागले नाही. मुलांची दहावी-बारावी पार पडल्यावर या क्षेत्रात आलेल्या मॅडमना वर्ग ताब्यात ठेवण्याची वेगळी तालीम लागत नाही, कारण वीस वर्षे घर चालवलेले असते. त्या एका हाताने नवख्या विद्यार्थिनीची कंबर सरळ करतात, दुसऱ्या हाताने घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करायचा याचा निरोप धाडतात, आणि या दोन्ही सूचना तंतोतंत एकाच सुरात देतात. पुरुष शिक्षकांना हा सूर साधत नाही, असे नम्रपणे नोंदवावे लागते.

सतत दुरुस्ती करणाऱ्या नजरेला वर्गाबाहेर सुट्टी नसते, हा या व्यवसायाचा मुख्य रोग. लग्नात शिक्षकाला वधूच्या मुंडावळ्यांआधी वराचा पोक दिसतो. बालगंधर्व रंगमंदिरात शोकांतिका रंगात आलेली असताना नायकाची छाती खचलेली आहे, हे तो शेजाऱ्याला सांगतो आणि शेजाऱ्याला ते अभिनयाचे कौतुक वाटते. मोबाइलवर झुकलेल्या माना बघत पीएमपीचा प्रवास करणे तर त्याला असह्य होते. गणेशोत्सवात मात्र त्याचे चित्त निवते, कारण एवढ्या उदरासह पाठीचा कणा ताठ ठेवून दहा दिवस सलग बसणारे दुसरे उदाहरण शहरात नाही. असेच समाधान त्याला आषाढी वारीच्या सुमारास लाभते. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पालख्या मुक्कामाला आल्या की तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन मैलोन्‌मैल चाललेल्या बायकांच्या मानेत, खांद्यांत वा कमरेत सुधारण्याजोगे काही आहे का, हे सवयीने शोधतो. काहीच न सापडल्याने घरी येऊन ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, ज्यात आसनाचे आणि कुंडलिनीचे सविस्तर वर्णन आहे, पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतो. दर वर्षी तो अर्ध्यावर राहतो, कारण मधल्या काळात २१ जून येतो किंवा नुकताच होऊन गेलेला असतो.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन झाला. त्या दिवशी शिक्षकाला बँक, शाळा, कारखाना आणि नगरसेवक यांची आमंत्रणे एकाच वेळेची येतात, त्याला नारळ व शाल मिळते, आणि पाहुण्यांचे भाषण लांबल्याने वज्रासनात बसलेल्या, म्हणजे पाय गुडघ्यांत दुमडून टाचांवर बसलेल्या, शेकडो लोकांच्या पायांना मुंग्या येतात. २२ जूनला वर्गात नेहमीचीच माणसे असतात. वाढलेली असते ती कपाटातल्या नारळांची संख्या.

त्याचे सुखाचे विषय फार नाहीत, पण आहेत ते पक्के आहेत. ‘हठप्रदीपिके’त मिताहार, म्हणजे पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवून केलेले भोजन, सांगितला आहे, हा नियम तो निष्ठेने पाळतो, मात्र तो रिकामा हिस्सा पुढे किती वेळ रिकामा ठेवायचा याबाबत मूळ ग्रंथात स्पष्टता नसल्याने दुपारच्या चहाबरोबर त्यात चार बाकरवड्या बसवतो. रविवारी वर्ग लवकर सोडून तो आपल्या पेठेतल्या, शक्यतो विद्यार्थी येणार नाहीत अशा, ठिकाणी मिसळ खायला जातो आणि तेथे पहिल्या रांगेतील प्राध्यापिका, अभियंते व हिंजवडीचा तरुण एकाच टेबलावर जादा रश्शाची वाट पाहत असलेले त्याला आढळतात. अशा वेळी कोणीही कोणाला काही विचारत नाही. दुपारी एक ते चार या शहराला पूज्य असलेल्या वेळेत तो योगनिद्रा घेतो. ही झोप नसून जागृत विश्रांती आहे, असे त्याने घरी अनेकदा समजावले आहे. ‘मग घोरतंय कोण?’ हा बायकोचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

परंतु ज्यासाठी तो पहाटेचा गजर बंद न करता उठतो, ते सुख यांहून वेगळे आहे. वर्षभर केवळ गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्या आजी एक दिवस वर्ग सुटल्यावर थांबतात आणि आजूबाजूला कोणी नाही असे बघून, काल पायाची नखे स्वतःच्या हाताने कापली, एवढेच सांगतात. शीर्षासन करणारे विद्यार्थी त्याने अनेक घडवलेले असतात, त्यांची छायाचित्रेही भिंतीवर असतात. आजींच्या नखांचे छायाचित्र लावता येत नाही याची त्याला हळहळ वाटते, आणि त्या महिन्याची त्यांची फी मागायची तो हटकून विसरतो.

आठवड्यातून एकदा मात्र तो स्वतः विद्यार्थी होतो. ज्या बाईंकडे तो मुळात शिकला, त्यांनी सत्तरी ओलांडलेली असली तरी त्यांचा वर्ग चालूच असतो, आणि तेथे तो शेवटच्या रांगेत, खांबाआड, उभा राहतो. खांब उपयोगी पडत नाही. ‘खांदे मागे! इतकी वर्षं काय शिकवतोस रे लोकांना?’ असे बाई सगळ्यांदेखत ओरडतात, त्याचा डावा गुडघा दोन बोटांनी फिरवतात, आणि गेल्या कित्येक महिन्यांत न सापडलेली जागा त्याला तिथल्या तिथे सापडते. त्या संध्याकाळी तो घरी शीळ घालत येतो आणि रात्री पंगतीला कोणाच्याही पाठीबद्दल, ताटाबद्दल किंवा चावण्याच्या पद्धतीबद्दल अवाक्षर काढत नाही. घरच्यांनी हा वार फार पूर्वीच हेरला आहे, आणि कांदाभजी, साबुदाणेवडे, तळलेले पापड असे जे काही आठवडाभर करता आलेले नसते, ते सगळे त्या रात्रीसाठी राखून ठेवलेले असते.